साधी वाक्ये आणि पानिपतची गोळी

(नारळीकरांच्या विज्ञानकथांवरील एका जुन्या आक्षेपाबद्दल)

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर एक आक्षेप गेली चाळीसहून अधिक वर्षे घेतला जातो. कल्पना उत्तम, विज्ञान चोख, पण भाषा अगदीच साधी. वाक्ये सरळ, वर्णने त्रोटक, पात्रे सगळी एकाच सुरात बोलणारी. शाळेच्या पुस्तकातला धडा वाचावा तसे वाटते, ही कसली ललितकथा? या आक्षेपाला त्यांच्या चाहत्यांचे उत्तरही तितकेच जुने आहे. विज्ञानकथेत कल्पना हीच नायिका असते, तिला दागिने कशाला?

२० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर अनेक शाळांतून आणि ग्रंथालयांतून त्यांच्या कथा पुन्हा बाहेर निघाल्या. नवी मुंबईतील आम्हा काही शिक्षकांच्या वाचनगटातही त्या वाचल्या गेल्या. अकरावी-बारावीचे विद्यार्थीही आमच्यासोबत होते. तेव्हा हा जुना वाद नव्याने, आणि बऱ्याच त्वेषाने झाला. वाद ऐकताना आमच्या लक्षात आले की दोन्ही बाजू 'साधी भाषा' हे दोन शब्द वापरतात, पण त्यांचा अर्थ कोणीच तपासत नाही. म्हणून हा लेख. विषय साहित्याचा असला तरी तो विज्ञानाच्या शिक्षकांच्या कामाचा आहे असे आम्हाला वाटते. का, ते पुढे येईलच.

सवलत नको म्हणणारा लेखक

चाहत्यांच्या एका युक्तिवादापासून सुरुवात करू. तो असा : नारळीकर हे मुळात शास्त्रज्ञ. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेले, पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक. त्यांनी वेळात वेळ काढून आपल्यासाठी मराठीत कथा लिहिल्या, हेच पुष्कळ. त्यांच्याकडून शैलीची अपेक्षा कशाला करायची?

हा युक्तिवाद प्रेमापोटी केला जातो, पण तो लेखकाला कमीपणा आणणारा आहे. शिवाय नारळीकरांनी स्वतः काय केले ते पाहिले तर तो टिकतही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली, तेव्हा नारळीकरांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत होते. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावातील आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. परिषदेत त्यांचे अक्षर ओळखीचे होते, म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली गेली. कथेला पहिला क्रमांक मिळाला आणि मग लेखक कोण ते उघड झाले.

प्रयोगशाळेत ज्याला आपण निःपक्ष चाचणी म्हणतो, तीच ही. औषध कोणते आणि साखरेची गोळी कोणती हे तपासणाऱ्याला ठाऊक नसावे, तसा लेखक कोण हे परीक्षकाला ठाऊक नसावे. ज्या लेखकाने पहिल्याच कथेसाठी सवलत नाकारली, त्याच्या वतीने आज आपण सवलत मागू नये.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. दुर्गाबाई म्हणजे 'ऋतुचक्र'च्या लेखिका. पानाफुलांचे, ढगांचे, मातीच्या वासाचे इतके समृद्ध वर्णन करणारे गद्य मराठीत थोडेच. अशा लेखिकेला या साध्या कथेत काहीतरी दिसले. आणि २०२१ साली नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. प्रकृतीमुळे ते तेथे प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथाकाराला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. तेव्हा साहित्याच्या दारात या कथा उपऱ्या आहेत असे मानण्याचे कारण उरत नाही. त्यांना साहित्याचेच माप लावले पाहिजे. फक्त ते माप कोणते, हे नीट ठरवायला हवे.

बाहेरच्या जगातही हाच वाद

हे भांडण मराठीपुरते नाही. आयझॅक असिमोव्ह हा इंग्रजीतला अतिशय लोकप्रिय विज्ञानकथाकार आयुष्यभर हाच आक्षेप ऐकत आला. उत्तर देताना त्याने काचेची उपमा वापरली. देवळा-चर्चमधल्या रंगीत काचा सुंदर असतात, पण त्यांतून पलीकडचे दिसत नाही. खिडकीच्या साध्या काचेकडे कोणी पाहत नाही, कारण आपण तिच्यातून पलीकडे पाहत असतो. आणि निर्दोष पारदर्शक काच बनवणे हे रंगीत काच बनवण्याइतकेच कठीण आहे, असे त्याचे म्हणणे होते.

असिमोव्हच्या 'नाइटफॉल' या १९४१ सालच्या गाजलेल्या कथेची गोष्ट या संदर्भात मोठी मजेदार आहे. कथेच्या शेवटाजवळ एक काव्यमय परिच्छेद आहे. तो संपादक जॉन कॅम्पबेल यांनी परस्पर घातलेला होता. वाचक नेमक्या त्याच परिच्छेदाचे कौतुक करत, आणि असिमोव्हला ते आयुष्यभर खटकत राहिले. परिच्छेद सुंदर असेलही, पण त्यात पृथ्वीचा उल्लेख होता. कथा घडते त्या परक्या ग्रहावरच्या कोणालाही पृथ्वी माहीत नव्हती. सुंदर वाक्याने कथेचा नियम मोडला होता, आणि सौंदर्यामुळे बऱ्याच वाचकांच्या ते ध्यानातही आले नाही.

अलीकडे, २०२३ साली, अमेरिकेत ब्रँडन सँडरसन या अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखकाबद्दल 'वायर्ड' मासिकात एक लेख आला. त्याची वाक्ये सामान्य आहेत असा सूर त्यात होता. चाहते इतके खवळले की शेवटी सँडरसननेच त्यांना आवरले आणि लेखकाला त्रास देऊ नका असे सांगितले. लेखक शांत आणि चाहते संतप्त, हे दृश्य आपल्यालाही परके नाही. आमच्या वाचनगटातला एक विद्यार्थी नारळीकरांवरचा आक्षेप ऐकून इतका रागावला की आक्षेप काय आहे हे त्याने पुरते ऐकूनच घेतले नाही. टीका ऐकताना आपण आधी ती तपासायची की आधी रागवायचे, हा प्रश्नही खरे तर वैज्ञानिक दृष्टिकोनाचाच आहे.

साधे वाक्य काय काम करते?

आता कथांकडे वळू. 'यक्षांची देणगी' हा नारळीकरांचा कथासंग्रह १९७९ साली आला. त्यांच्या सुरुवातीच्या कथांपैकी 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचे नुसते नाव बघा. यात एकही वैज्ञानिक शब्द नाही. गणपतीची सोंड डावीकडे वळलेली असते आणि उजवीकडे वळलेली क्वचित आढळते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरातल्या मुलाला ठाऊक असते. कथेचा विषय मात्र आहे आरशातील प्रतिमा आणि मोबियसची पट्टी. एरवी उजव्या हाताने चेंडू टाकणारा गोलंदाज अचानक डाव्या हाताने टाकू लागतो, त्यामागे हे भूमितीचे कोडे आहे. डावे आणि उजवे यांची अदलाबदल कशी होऊ शकेल, हा अवकाशाच्या भूमितीतला प्रश्न लेखकाने देवघर आणि क्रिकेटचे मैदान या दोन ठिकाणी आणून ठेवला. अलंकाराची येथे गरजच पडत नाही. वस्तूच इतक्या अचूक निवडल्या आहेत की त्या अलंकाराचे काम करतात.

दुसरे उदाहरण 'गंगाधरपंतांचे पानिपत'. ही कथा इंग्रजी रूपात, 'द ॲडव्हेंचर' या नावाने, एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पुस्तकात घेतली गेली. त्यामुळे नवी मुंबईत एक गमतीची स्थिती आढळते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाने ती ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलेली असते, आणि शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, केंद्रीय मंडळाच्या शाळेत शिकणाऱ्या मल्याळी किंवा पंजाबी मुलीने तीच इंग्रजीत. दोघांना एकाच कथेवर बोलता येते.

कथा थोडक्यात अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच इतिहासात जाऊन पडतात. तेथे १७६१ सालची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. ते जिजामाता एक्सप्रेसने पुण्याहून मुंबईला जातात, तर तेथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल. हा इतिहास कोठे वळला हे शोधण्यासाठी ते टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन पुस्तके चाळतात. तेथे एका बखरीत उत्तर सापडते. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली आणि ते पडले. त्या बखरीत गोळी त्यांच्या कानाजवळून निघून गेली आहे.

संपूर्ण कथेचा डोलारा या एका फरकावर उभा आहे. गोळी लागली. गोळी लागली नाही. आता कल्पना करा की लेखकाने येथे रणधुमाळीचे दोन पानी वर्णन केले असते : धुळीचे लोट, रक्ताचे पाट, हत्तींचे चीत्कार. तो फरक त्या धुळीत हरवला असता. दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचकाला त्यांतील बदल दिसायचा असेल, तर बाकी सारे स्थिर आणि साधे ठेवावे लागते. प्रयोगात आपण एकच घटक बदलतो आणि इतर सर्व घटक कायम ठेवतो, त्याचेच हे कथेतले रूप आहे. येथे साधी भाषा हा लेखकाचा नाइलाज नव्हे, ती कथेची गरज आहे.

साध्या भाषेत चूक लपत नाही

याच कथेत टीकाकारांचा मुद्दा खरा ठरतो तो भागही आहे. परत आल्यावर गंगाधरपंत आपल्या राजेंद्र देशपांडे या मित्राकडे जातात. मग एक जण विचारतो आणि दुसरा समजावून देतो. आधी आपत्तिसिद्धान्त, म्हणजे लहानशा बदलाने मोठी स्थिती एकाएकी कशी पालटते ते. मग पुंजभौतिकी, म्हणजे इलेक्ट्रॉन नेमका कोठे सापडेल हे आधी का सांगता येत नाही आणि त्यावरून अनेक जगांची कल्पना कशी निघते ते. हे सगळे स्पष्ट आहे, पण येथे दोन माणसे बोलत आहेत असे वाटत नाही. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद अवतरणचिन्हांत घातल्यासारखे वाटते. राजेंद्रचे घर कसे आहे, त्याला मित्राच्या डोक्याची काळजी वाटते का, ऐकताना त्याला हसू येते का, याची वाचकाला फारशी कल्पना येत नाही.

पण या स्पष्टीकरणाचा दुसरा एक गुण आमच्या गटात फार उपयोगी पडला. बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "इलेक्ट्रॉनचे ठीक आहे. पण बंदुकीच्या गोळीला हा नियम कसा लागू करायचा?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही फळ्यावर हिशेब केला. गोळी २० ग्रॅमची धरली आणि वेग सेकंदाला २०० मीटर. प्लँकचा स्थिरांक भागिले संवेग, या द ब्रॉग्लीच्या सूत्राने तिची तरंगलांबी आली सुमारे १० चा उणे ३४वा घात, इतके मीटर. प्रोटॉनचा आकार साधारण १० चा उणे १५वा घात मीटर. म्हणजे गोळीचा 'अनिश्चितपणा' प्रोटॉनहूनही एकावर एकोणीस शून्ये इतक्या पटींनी लहान. तेवढ्याने गोळी कपाळावरून कानापलीकडे सरकणार नाही.

यावर लेखकाच्या बाजूने एक विद्यार्थी लढला. गोळी सुटण्याआधी दारू पेट घेते, बोट चाप ओढते, घोडा मान हलवतो. या साखळीत अगदी सूक्ष्म फरक वाढत वाढत मोठा होऊ शकतो, आणि कथेत आपत्तिसिद्धान्त त्यासाठीच तर आणला आहे, असे त्याचे म्हणणे. वाद मिटला नाही. तो मिटावा अशी आमची इच्छाही नव्हती. तासाभरात त्या मुलांनी पुंजभौतिकीच्या मर्यादांबद्दल जेवढा विचार केला तेवढा एरवी महिन्याभरात होत नाही.

हे घडले कशामुळे? लेखकाने आपला युक्तिवाद पायरीपायरीने, कसलाही पडदा न ठेवता मांडला होता म्हणून. पायरी उघडी असली की ती डळमळते का हे वाचकाला पाय ठेवून बघता येते. 'काळाच्या अथांग डोहात शक्यतांची असंख्य कमळे उमलत होती' असे काही लिहिले असते, तर वाचक मान डोलावून पुढे गेला असता. त्या वाक्याशी वाद घालता येत नाही, कारण त्यात काही विधानच नाही. नारळीकरांच्या भाषेत लेखकाला पकडता येते. आमच्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो निव्वळ वैज्ञानिक गुण आहे.

मग उणीव कोठे आहे?

तरीही चाहत्यांचे 'कल्पना हीच नायिका' हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. कारण नारळीकरांनीच ते जागोजागी खोटे पाडले आहे. 'धूमकेतू' ही कथा घ्या. दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारे. त्यांच्या पत्नीला, इंद्राणीदेवींना, ती दुर्बीण म्हणजे नवऱ्याला भुरळ घालणारी सवतच वाटते. एवढ्या एका गोष्टीने घर उभे राहते. थंडीत गच्चीवर बसलेला नवरा, आत जागी असलेली बायको, आणि दोघांमधली ती नळी. पुढे धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे दिसते, जगभरातले शास्त्रज्ञ संकट टाळण्यासाठी धडपडतात. आणि इकडे दत्तदांच्याच घरात धूमकेतूची पीडा टळावी म्हणून यज्ञ होतो. विज्ञानाने जग वाचवले तरी वैज्ञानिकाच्या स्वतःच्या घरात विज्ञान पोचले नाही, हे दुःख कथेत कोठेही मोठ्या आवाजात सांगितलेले नाही. म्हणूनच ते लागते.

'धूमकेतू'ची भाषा 'पानिपत'इतकीच साधी आहे. तरीही इंद्राणीदेवी आठवतात आणि राजेंद्र देशपांडे आठवत नाहीत. याचा अर्थ दोष साधेपणात नव्हता. इंद्राणीदेवींकडे लेखकाने नीट पाहिले होते, राजेंद्रकडे पाहिलेले नव्हते. त्याला फक्त समजावून देण्यासाठी खुर्चीत बसवले होते. तेव्हा आक्षेप घ्यायचाच तर तो असा घ्यावा : नारळीकरांच्या अनेक कथांत आकाशाचे निरीक्षण जितके बारीक आहे तितके माणसांचे नाही. हा आक्षेप गंभीर आहे आणि आम्हाला तो मान्य आहे. पण त्यावरचा उपाय उपमा-उत्प्रेक्षा हा नाही. उपाय आणखी निरीक्षण हाच आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या तर साधेपणाच्याही किती तऱ्हा असतात ते दिसते. विद्यार्थ्यांनी ही तुलना स्वतः करून पाहावी.

हा प्रश्न आपल्या वर्गातला का आहे?

आता सुरुवातीला दिलेल्या वचनाकडे. हा वाद नारळीकरांपुरता राहिला असता तर आम्ही इतकी पाने खर्च केली नसती. तो रोज आपल्या हातातल्या लाल पेनापर्यंत येतो.

नवी मुंबईच्या मुलांना हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीत रोहित पक्षी दिसतात. त्यांच्यावर निबंध लिहायला सांगितला तर साधारण दोन प्रकारची वाक्ये येतात. एक : 'गुलाबी स्वप्नांचे थवे जणू आकाशातून अलगद उतरून खाडीच्या कुशीत विसावले.' दुसरे : 'ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की रोहित पक्षी तेथे चरतात, आणि भरती आली की ते नेरूळजवळच्या पाणथळ जागांवर जाऊन थांबतात.' (दोन्ही वाक्ये नमुन्यादाखल आम्हीच केली आहेत.) आपण जास्त गुण कोणाला देतो? प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक वेळा पहिल्याला. त्यावर 'छान कल्पना!' असा शेराही पडतो. दुसऱ्याला 'भाषा रुक्ष' असे ऐकावे लागते.

पण दुसऱ्या मुलाने काय केले आहे ते पाहा. तो भरतीला आणि ओहोटीला, दोन वेळा तेथे गेला आहे, किंवा गेलेल्याला त्याने विचारले आहे. त्याच्या वाक्यावरून पुढचा प्रश्न निघतो. चिखलात ते काय खातात? रोज तीच वेळ का नसते? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाणथळ जागा बुजवल्या तर भरतीच्या वेळी हे पक्षी कोठे जातील? पाणथळ का राखायची याचे कारण त्या साध्या वाक्यातच आहे. पहिल्या वाक्यातले पक्षी कुठल्याही खाडीत, कुठल्याही वेळी, कुठल्याही निबंधात उतरू शकतात.

आणखी एक गोष्ट. या शहराची आखणी सिडकोने १९७० नंतर केली, त्याआधी येथे ९५ गावांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. आज वर्गात आगरी बोलणारे मूल, कामासाठी घाटावरून आलेल्या कुटुंबातले मूल आणि घरी तमिळ किंवा गुजराती बोलणारे मूल एका बाकावर बसते. अलंकारिक मराठी म्हणजेच चांगली मराठी असे ठरवले, की ज्यांच्या घरी तशी पुस्तके आहेत तीच मुले पुढे जातात. बाकीची पाठ केलेले शब्दसमूह उतरवतात. साध्या, अचूक वाक्याला मान दिला तर ज्याने नीट पाहिले त्याला बोलता येते, मग त्याच्या घरची भाषा कोणतीही असो. नारळीकरांची कथा हातात पडली की अशा मुलाला पहिल्यांदा वाटते, असे तर मलाही लिहिता येईल. टीकाकार हे दोषादाखल म्हणतात. शिक्षकाला यापेक्षा मोठी शिफारस कोणती हवी?

यातून कोणी असा अर्थ काढू नये की साधे ते सारे चांगले. आळसाने लिहिलेले वाक्यही साधेच असते. 'खाडीत खूप पक्षी येतात, ते छान दिसतात' हेही साधे वाक्य आहे, पण त्यात पाहिलेले काही नाही. साध्या वाक्याला लपायला जागा नसते, म्हणून ते लिहिणे जास्त जोखमीचे.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मराठीत आणि 'द ॲडव्हेंचर' इंग्रजीत शेजारी ठेवून वाचा. कोणत्या जागी तुम्हाला लेखकाशी वाद घालावासा वाटला? त्या जागेचे नेमके वाक्य शोधा.

२. राजेंद्र देशपांडे स्पष्टीकरण देतात तो प्रसंग विद्यार्थ्यांनी पुन्हा लिहावा. अट एकच : एकही उपमा वापरायची नाही, पण राजेंद्र हा माणूस वाटला पाहिजे. यासाठी काय काय पाहावे लागले, त्याची यादी करावी.

३. गोळीच्या तरंगलांबीचा हिशेब वस्तुमान आणि वेग बदलून करा. मग इलेक्ट्रॉनसाठी करा. अनिश्चितता कोणत्या आकारापासून जाणवू लागते?

४. गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगात कंपनीकडे फक्त मुंबई आहे. मग ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे, आज वाशी-बेलापूर आहे तेथे, काय असेल? मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी नवे शहर बांधायची गरज कोणाला पडली असती? एका पानात लिहा. कारण देता येणार नाही असे एकही वाक्य नको.

५. शिक्षकांसाठी : गेल्या सत्रातील पाच निबंध काढून त्यांतील अशी वाक्ये मोजा, ज्यांच्यावर 'हे खरे आहे का?' असा प्रश्न विचारता येतो. मग आपण दिलेले गुण त्या संख्येशेजारी मांडून पाहा.